मान जरा डावीकडं

बँकेच्या केवायसीसाठी पासपोर्ट साइज फोटो हवा होता म्हणून शहापुरातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. आषाढातली दुपार. बेळगावचा तो थांबतही नाही आणि धड मोठाही होत नाही असला पाऊस. बाकड्याखाली चार छत्र्या ठिबकत होत्या आणि आत स्टुलावर एक आजोबा बसले होते. पडदा अर्धाच ओढलेला, त्यामुळं सगळं दिसत होतं आणि बघत नसल्यासारखंही करता येत होतं. फोटोवाला तिशीतला कानडी पोरगा. त्यानं खुंटीवरचा काळा कोट काढून आजोबांपुढं धरला. असा एक कोट प्रत्येक स्टुडिओत असतो. गावातल्या निम्म्या नोकऱ्या आणि पाऊण लग्नं त्या एका कोटावर जमलेली असतात. आजोबांनी तो हातानंच बाजूला सारला. "कोट नको. पेपरात द्यायचाय फोटो. मेल्यावर कोट घालून काय कोर्टात जायचंय?" पोरगा गडबडला. "अज्जा, असलं का बोलताय?" "मग कसलं बोलू? ऐंशी झाली. ऐनवेळी आमचा पोरगा आधार कार्डावरचा फोटो देऊन मोकळा होईल. त्यात मी चोर दिसतोय." मग टोपीवरून झालं. टोपीची सावली कपाळावर पडते, काढा, असं पोरग्याचं म्हणणं. "ही काढली तर कावळासुद्धा ओळखायचा नाही मला," असं आजोबांचं. टोपी राहिली.

"इल्लि नोड्री अज्जा, इकडं. सरळ." आजोबांनी मान डावीकडं वळवली. पोरग्यानं जाऊन हनुवटी धरून सरळ केली. तो कॅमेऱ्यामागं येईस्तोवर मान पुन्हा डावीकडं. दोनदा झालं, तीनदा झालं. शेवटी आजोबांनी सांगितलं. घरात भिंतीवर बायकोचा फोटो आहे. ती कॅमेऱ्यात बघत नाहीये, बाजूला कुठंतरी बघतेय. ज्या बाजूला बघतेय तिथं त्यांनी आधीच खिळा मारून ठेवलाय. "समोरासमोर यायला पाहिजे. चाळीस वर्षं माझ्याकडं पाठ करून झोपली बाई. आता तरी तोंडाकडं बघू दे." पोरग्यानं कॅमेरा सोडला, दोन्ही हात भिंतीसारखे उभे करून आज्जी इकडं, आज्जा तिकडं, असा हिशोब केला. बसलेल्याचं डावं बघणाऱ्याचं उजवं होतं, यावर बाकड्यावरच्या आम्ही तिघांनीही आपापली मतं दिली. इतका वेळ आम्ही बघत नव्हतो, हे सगळे विसरून गेले होते.

फ्लॅश पडला. आजोबा म्हणाले, "अजून एक घे. यात मी जिवंत वाटलो असणार."

छपाई होईपर्यंत ते माझ्या शेजारी येऊन टेकले आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढून दाखवला. निधनवार्तेचा मजकूर. स्वतःच लिहिलेला, अक्षर सुरेख. वयापुढं जागा मोकळी, तारखेपुढं जागा मोकळी, रक्षाविसर्जन वार अमुक सकाळी आठ वाजता, त्या 'अमुक'वरही टिंबं. 'अल्पशा आजाराने' हे मात्र ठरवून टाकलेलं. मी म्हटलं, आजार अल्पसा असेल कशावरून? "लिहून ठेवलं की तसं होतं," म्हणाले. गावाच्या नावाशी त्यांचं बोट थांबलं. 'बेळगाव' लिहिलं होतं, बाजूला पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह. "माझा जन्म मुंबई इलाख्यातला. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलो, लग्न तिथंच झालं. १९७३ पासून कर्नाटकात. घर तेच, न्हाणीची मोरीसुद्धा तीच. ती गेली २०११ ला, बेळगावात. २०१४ ला ह्यांनी बेळगावी केलं. म्हणजे मी बेळगावीत मरणार. वर गेल्यावर चुकामूक नको व्हायला." आणि मग, जरा थांबून, "सुप्रीम कोर्टात २००४ चा दावा आहे की नाही महाराष्ट्राचा, त्याचा निकाल बघूनच दोघं जाऊ म्हणालो होतो. तिनं काही वाट बघितली नाही."

माझी पाळी आली. मी स्टुलावर बसलो, आणि पोरगा म्हणाला, "सर, तुम्हीपण? सरळ बघा. केवायसी आहे."

आता यात खुपण्यासारखं काय होतं, सांगता येत नाही. मरणाची तयारी करून ठेवणारी माणसं आमच्याकडं ढिगानं आहेत. आजीच्या ट्रंकेत तळाशी एक कोरं लुगडं होतं, त्याला आम्ही पोरं हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. आणि वडील तर पेपर शेवटून उघडायचे. निधनवार्तेचं पान हा त्यांचा सकाळचा पाढा. चहाची बशी डाव्या हातावर, उजव्या हाताचं बोट एकेका फोटोखालून सरकत जायचं. "बहात्तर. माझ्याहून चारनं लहान." आवाजात दुःख असायचं, नाही असं नाही, पण त्याखाली परीक्षेत पुढचा नंबर आल्याचं समाधानही असायचं. कुणी नव्वदीतला निघाला की ते बोटांवर वजाबाकी करायचे आणि बशीतला उरलेला चहा जरा जास्त आवाज करून प्यायचे. पान वाचून झालं की आईला पुकारायचे, "आज आपल्यातलं कुणी नाही गं." मग दिवस सुरू व्हायचा. ज्या दिवशी त्यांचा स्वतःचा फोटो त्या पानावर आला, त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांत आधी ते पान उघडलं ते आईनं, आणि ती म्हणाली, "शेजारच्या फोटोतले बघ, पंच्याण्णव." वडील असते तर बशी पुन्हा भरून घेतली असती.

मरणाला सरळ नावानं हाक मारायची नाही, हा नियम सीमेच्या दोन्ही भाषांनी पाळलाय. मराठीत माणूस जातो, वारतो, आटोपतो, देवाज्ञा होते. फारच कंटाळा आणलेला असेल तर खपतो, दुकानातल्या मालासारखा. कानडीत 'होगिबिट्रु', म्हणजे पुन्हा गेलेच. म्हणून जिवंत माणसानं दारातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही. आमच्याकडं नुसतं 'येतो'ही कुणी म्हणत नाही, 'जाऊन येतो' असं संपूर्ण सांगतात, आणि शेजारची कानडी अज्जी 'होगि बर्तीनी' म्हणते ते शब्दाला शब्द तेच. मोर्चे निघोत, पाट्यांना काळं लागो, या एका भीतीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. बेळगावच्या बायका वर आणखी एक घोळ घालतात. त्या 'मी जाऊन येतो' म्हणतात, 'मी जेवलो' म्हणतात. पुण्याकडच्या सुनांना आधी हसू येतं, मग दोन वर्षांत त्याही जेवलो म्हणायला लागतात.

मातीला गेल्यावर मात्र ही माणसं वेगळीच होतात. स्मशानात एकदा पेटलं की पंधरा-वीस मिनिटं करायला काही नसतं, आणि माणसाला करायला काही नसलं की त्याचा स्वभाव बाहेर येतो. कुणी रताळ्याचा दर काढतो, कुणी मोबाइलवर हळू आवाजात गिऱ्हाइकाला 'अर्ध्या तासात येतो' म्हणून सांगतो. वर्षानुवर्षं बोलणं नसलेले दोन चुलत भाऊ एकाच दगडावर बसून एकाच डबीतली तंबाखू मळतात, आणि राख थंड झाली की अबोला पुन्हा सुरू. मला स्वतःला तिथं हटकून भूक लागते. लाज वाटायची पूर्वी. मग एकदा लक्षात आलं की घरी जाऊन अंघोळ करून पिठलं-भाताला बसल्यावर सगळेच वाढून घेतात.

पण खरी गंमत तिसऱ्या दिवशी, रक्षेला. मार्कंडेय नदीच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथल्या काकांच्या रक्षेची गोष्ट. काका तोंडाचे फटकळ, खाण्याचे षौकीन, आणि काकीच्या हातच्या मसुराच्या आमटीला त्यांनी जन्मभर नावं ठेवली. 'ही आमटी नव्हे, मसुराची अंघोळ' असं ते चारचौघांत म्हणायचे आणि दोन वाट्या ओरपायचे. तर त्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्या आवडीचं मांडलं. बेसनाचे लाडू, मिरचीभजी, कुंदा, पान, तंबाखूची पुडी. एका पुतण्यानं कागदी कपात काहीतरी ओतून कप हळूच मागं सरकवला, भटजींनी पलीकडं बघितलं. सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे आले, झाडावर बसले, आणि नुसते बसले. अर्धा तास गेला. मग आश्वासनं सुरू झाली. म्हशी विकणार नाही. बांधाचं भांडण मिटवतो. धाकट्याचं शिक्षण पुरं करतो. एकेक मोठा माणूस पुढं होऊन हात जोडून सांगतोय आणि कावळा मान तिरकी करून ऐकतोय, निवडणुकीच्या सभेत म्हातारी माणसं ऐकतात तसा. शेवटी काकी उठली. बायकांनी धरलं तरी ऐकलं नाही. घरातून झाकून आणलेला गडवा उघडला, भाताचा एक मुटका पत्रावळीवर ठेवला आणि त्यावर आमटी ओतली. मागं वळून चार पावलं आली नसेल, तोवर कावळा उतरला. लाडवाला शिवला नाही, कुंद्याला शिवला नाही, सरळ भाताला.

काकी रडता रडता म्हणाली, "बघितलं का? शेवटी हीच लागली का नाही?"

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला मिळालेली ती पहिली पावती, आणि तीही कावळ्याच्या सहीची. मी कावळाबिवळा मानत नाही. आमटी-भाताचा वास लाडवापेक्षा लांब जात असेल, एवढंच. खरं पण काकीला हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. पुढं दोन वर्षांनी ती गेली तेव्हा आम्ही तिच्या आवडीचं काय मांडायचं यावर घरात तासभर चर्चा झाली, कारण तिला काय आवडायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी कावळ्यानं पहिल्या मिनिटाला पहिली वस्तू उचलली. तो स्वभावसुद्धा तिचाच.

स्टुडिओतला प्रसंग मला एरवी इतका चिकटला नसता. पण सध्या मी एकटा आहे. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीय, त्याला आज एकावन्न दिवस झाले. पहिले आठ दिवस स्वर्ग होता. ओला टॉवेल खुर्चीवर, बातम्यांचा आवाज मोठा, रात्री अकरा वाजता फरसाण. नवव्या दिवशी कळलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायला दोन माणसं लागतात. एक मोजतो आणि दुसरा 'चार झाल्या' म्हणून भांडतो. भांडण झाल्याशिवाय भात नीट शिजत नाही. घरात आडवं बोलणारं कुणी नसलं की आपलं सगळंच बरोबर आहे असं वाटायला लागतं, आणि तो भ्रम आठ दिवसांपुढं सोसत नाही. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून अज्जी विचारते, "ऊटा आयतेन्री?" मी 'आयतू' म्हणून टाकतो. जेवण झालेलं नसतं, करायचंच असतं. खोटं बोलायला परकी भाषा बरी पडते. चोपन्न वर्षं भिंतीपलीकडं राहिलेल्या भाषेला परकी म्हणायचं का, हे मात्र मला अज्जीसमोर विचारायचं नाही.

एकटं राहण्यात खरी मुरलेली होती ती आमची खासबागची आत्या. विधवा झाली तेव्हा तिशीतच होती, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत माग होता, तो तिच्या सासऱ्यांचा. विणणारा कुणी उरला नाही तरी तिनं मोडीत घातला नाही, त्यावर पापड वाळत घालायची. गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असायची दिवसभर, आणि ती थांबली की आत्याला जाग यायची. देवाशी मराठीत बोलायची, दूधवाल्याशी कानडीत, आणि मांजराशीही कानडीतच. 'ये ये' म्हटलं तर ते ढिम्म हलायचं नाही. 'बा, बा' म्हटलं की शेपूट ताठ करून हजर. "ते बाजारातनं आलंय, कानडीच आहे," असं तिचं स्पष्टीकरण. मी तिला एकदा विचारलं होतं, कंटाळा येत नाही का गं? तर म्हणाली, "येतो की. आला की त्याला बसवून घेतो. पावण्यागत. चहा विचारत नाही, मग जातो." तिच्या निधनवार्तेत 'भाचे असा परिवार' छापून आलं. मजकूर मीच दिला होता. मांजराचं काय करायचं ते सुचलं नाही, आणि छापायचा दर ओळीवर होता.

तर स्टुडिओतून आलो त्या रात्री कपाटावरचे अल्बम काढले. बेळगावच्या दमट हवेत पानांमधला पातळ कागद फोटोंना चिकटून बसलेला, सोलून काढताना एका मेहुण्याचं अर्धं तोंड गेलं. मला एकच बघायचं होतं. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढ्या फोटोंत आम्ही दोघं कुठं बघतोय? लग्नात भटजींकडं. त्यानंतर कॅमेऱ्याकडं. मग लेक झाल्यावर दहा-बारा वर्षं लेकीकडं. राजहंसगडावर मी दरीकडं, ती चपलांकडं. सहस्रलिंगाच्या, गोकाक धबधब्याच्या, सगळ्या सहलींत आमच्या चार डोळ्यांना चार दिशा. एकमेकांकडं बघतोय असा एकही नाही. म्हणजे एक आहे, अर्धा. भाच्याच्या लग्नाच्या पंगतीतला. मी मांडा मोडतोय, पुढच्या कुणाशी तरी हसतोय, आणि ती शेजारून माझ्याकडं बघतेय. अशी रोखून, डोळे बारीक करून. काय होतं त्या बघण्यात, मला आठवेना. फोटो उजेडाखाली धरला, चष्मा काढून पाहिला, परत लावून पाहिला. मनातले मांडे म्हणतात ते हेच. आम्ही बेळगावकर नुसते ताटातच करतो असं नाही.

तिचा फोन आला. "काय करताय?" मी म्हटलं, फोटो बघतोय. "कुणाचे?" आपलेच. पलीकडं जरा शांतता. "तब्येत बरी आहे न्हवं? बीपीची गोळी घेतला का?" मी त्या पंगतीच्या फोटोचं सांगितलं. विचारलं, तू त्यात माझ्याकडं बघतेयस, कशाला गं? तिनं क्षणभरही घेतला नाही. "तुमच्याकडं कुठं, शर्टाकडं. आमटी सांडला होता. नवा शर्ट. अजून डाग गेलेला नाही त्याचा." मग पोरीच्या बाळाचं सांगत बसली, ते रात्री झोपत नाही, नाक माझ्यावर गेलंय असं सगळे म्हणतात, तिला तसं वाटत नाही. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "तो शर्ट टाकू नका खरं. कपाटात खाली आहे, असू दे."

चौथ्या दिवशी माझे फोटो आणायला गेलो. पाऊस तसाच. आजोबाही आले होते, त्यांचा फोटो मोठा करून फ्रेमला घातलेला, काउंटरवर आडवा. डोळे बाजूला, कुणीतरी हाक मारल्यासारखे, आणि ओठांवर जरा रागच. पोरगा मला कौतुकानं सांगत होता, आज्जाकडं आधीचा एक चांगला फोटो होता, मागच्या दिवाळीचा, फक्त तोंड उलट्या बाजूला होतं. "मी म्हटलं कंप्यूटरवर पलटून देतो, एक सेकंद. नकोच म्हणाले." आजोबा पैसे मोजत होते, ते न थांबता बोलले. "पलटला तर सदऱ्याचा खिसा उजवीकडं जातो. तिचा हात डाव्या खिशात घालायची सवय. रोज सकाळी मी न्हाणीत गेलो की पाच-दहा रुपये काढायची, मला माहीत नाही असं समजून. खिसा तिथं दिसला नाही तर म्हणेल, हे कोण आणून लावलं माझ्या शेजारी."

पोरग्यानं फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली. मी म्हटलं, रिक्षा बघू का? नको म्हणाले, इथंच तर आहे घर. पोरग्याला "जाऊन येतो" म्हणाले, मलाही म्हणाले. पायरीवर उभं राहून त्यांनी छत्री उघडली. ती जुनी, एक काडी मोडलेली, दोघांना पुरण्यासारखी नव्हती. दोनदा डोक्यावर धरून बघितली, मग खाली घेतली आणि काखेतल्या पुडक्यावर धरली. टोपी भिजत होती. त्यांनी ती काढून खिशात घातली, डाव्या, आणि गल्लीच्या कडेकडेनं चालायला लागले.